बटणं हलकी की जड

४ फेब्रुवारी

वहिनी,

घड्याळाचा नमस्कार. दादाने ठेवलेलं हे नाव आता तुमच्याशिवाय कुणी घेत नाही, म्हणून मीच आठवण करून देतो.

फोन सोडून पत्र का, असं विचाराल. फोनवर तुम्ही "हं, हं" म्हणता आणि मधेच गॅस बघायला जाता. मला जे विचारायचंय ते जरा लांबलचक आहे.

त्या नाचाच्या शाळेच्या बाई आठवतात? दादा ज्यांच्याकडे ड्रम वाजवायचा, आणि ज्या त्याला चहात मुद्दाम जास्त साखर घालून द्यायच्या म्हणून तुम्ही चिडायचात, त्याच. त्यांना नवीन नाच बसवायचाय आणि संगीताचं काम माझ्या स्टुडिओकडे आलंय. अट एकच. ठेका दादासारखा हवा. मी म्हटलं, बाई, दादाला जाऊन दोन वर्षं झाली. तर म्हणाल्या, "ठाऊक आहे हो मला. पण माझ्या मुली त्या ठेक्यावर वाढल्यात. दुसऱ्या कुणी वाजवलं की त्यांचे पाय मागे राहतात."

दादाचा हात किंचित मागे पडायचा. तिसरा ठोका येता येता वाटायचं, विसरला की काय हा, आणि मग तो यायचा. सगळी मजा त्यात होती. मला ते जन्मात जमलं नाही. मी सरळ वाजवतो, म्हणून तर घड्याळ.

तेव्हा एक सिक्वेन्सर घ्यावा म्हणतोय. हे यंत्र स्वतः वाजत नाही. कुठला ठोका कधी पडायचा ते लक्षात ठेवतं आणि बाकीच्या यंत्रांना त्या त्या वेळी वाजायला सांगतं. दादाचा ठेका त्यात मात्रा मात्रा करून बसवता येईल. त्यासाठी तुमच्या कपाटातल्या त्याच्या कॅसेटी लागतील. द्याल का? नाही म्हणालात तरी चालेल.

तुमचा भाऊजी


११ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र पोचलं. स्वतः वाजत नाही आणि बाकीच्यांनी कधी वाजायचं ते सांगतं, असं एक यंत्र आमच्याकडेही होतं. त्यांना मी सासूबाई म्हणायचे. तुमच्या आई होत्या म्हणून जास्त लिहीत नाही.

वाचनालयातून ध्वनिमुद्रणावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आहे. तिथले काका म्हणाले, "हे नेणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मी म्हटलं, मग पानं कोरी करकरीत मिळतील. अर्धं कळतं. जे कळत नाही ते पेन्सिलीने खूण करून पुढे जाते, आणि कधी कधी पुढच्या पानावर मागचं कळतं. मी सगळीच पुस्तकं अशी वाचली आहेत.

कॅसेटी पाठवते आहे. ह्यांच्या राखाडी स्वेटरात गुंडाळल्या आहेत, फुटू नयेत म्हणून. स्वेटर ठेवून घ्या, तुम्हाला होईल. एक कॅसेट मात्र मी ठेवली आहे. तेवढी मागू नका.

एक गोष्ट समजली नाही. ठेका तुमच्या डोक्यात आहे, हात दोन आहेत, ड्रमही स्टुडिओत तसाच मांडलेला आहे. जरा मागे राहून वाजवायचं एवढंच ना? मग यंत्र कशाला?

तुमची वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

स्वेटर अंगात आहे. बाह्या लांब होतात, पण दुमडतो.

जरा मागे राहून वाजवणं सोपं नसतं हो. मुद्दाम मागे राहिलं की लंगडल्यासारखं वाटतं. शिवाय हल्ली खूप वेळ वाजवलं की हात भरून येतो. वय झालं.

यंत्रांचं सांगतो. बाजारात दोन बघितली. पहिलं मोठ्या कंपनीचं, चकचकीत. त्याची खोड अशी की ठोका कुठेही टाका, ते त्याला ओढून मात्रेच्या रेघेवर आणून बसवतं. शाळेतल्या पीटीच्या मास्तरांसारखं. दादा त्याच्यासमोर पाच मिनिटं टिकला नसता. दुसऱ्यात ठोका मागेपुढे सरकवता येतो, पण त्यासाठी एवढ्याशा पडद्यावर इतक्या पायऱ्या उतरायच्या की खाली पोचेपर्यंत आपण कशाला आलो होतो तेच विसरायला होतं.

तिसरं मला आवडलंय. एक गृहस्थ घरी एकटेच बनवतात, वर्षातून मोजकीच. लाकडी पेटी, आणि प्रत्येक मात्रेला आपलं स्वतःचं फिरवायचं बटण. डावीकडे फिरवलं की ठोका लवकर, उजवीकडे फिरवलं की उशिरा. बस. दुसरं काही नाही. मी त्यांना मनात पेटीवाले म्हणतो. नंबर लावलाय. ते माणसागणिक एकच प्रश्न विचारतात, बटणं हलकी हवीत की जड? हलकी म्हणजे बोट लागलं की फिरतात. जड म्हणजे मुद्दाम जोर करून फिरवावी लागतात, पण एकदा लावली की जागची हलत नाहीत.

मी जड सांगणार आहे. स्टुडिओत मांजर येते, ती पेटीवर चढली तर सगळा ठेका विस्कटायचा.

घड्याळ


२७ फेब्रुवारी

भाऊजी,

मांजर? तुम्हाला तर मांजर नुसती खिडकीतून दिसली तरी शिंका येतात. आमच्या लग्नात तुम्ही फोटोभर रुमाल धरून बसला होतात, ती मांडवाखालच्या मांजरीमुळेच ना?

यंत्र पेटीवाल्यांचंच घ्या. कुठल्याही वस्तूत एका बटणाचं एकच काम असावं. आमच्या नव्या वॉशिंग मशीनला इतकी कामं येतात की मी अजून एकच वापरते.

कॅसेटी ऐकल्यात का? सगळ्यात जुन्या कॅसेटवर मी मागे हसते आहे, ते पुसू नका. त्या दिवशी हे वाजवता वाजवता मला डोळ्यांनी विचारत होते, बरं चाललंय ना? आणि मी हसत होते. नवीन लग्न. मला तेव्हा ठेका म्हणजे काय ते कळत नव्हतं. माणूस कळत होता.

तुमच्या वयाचं म्हणाल तर तुम्ही ह्यांच्याहून किती लहान ते मला माहीत आहे. वय झालं हे मला सांगू नका.

वहिनी


१४ मार्च

वहिनी,

मांजर शेजारची आहे. शिंका येतातच.

कॅसेटी संगणकात घेतल्या. पडद्यावर प्रत्येक ठोका उंचवट्यासारखा दिसतो आणि खाली मात्रेची रेघ असते. रेघ आणि उंचवटा यांच्यातलं अंतर मोजायचं, तेवढंच पेटीचं बटण फिरवायचं. काम सोपं. पण एक गंमत झाली. म्हणजे गंमत म्हणावं की काय, ठाऊक नाही.

दादाचं मागे पडणं सगळ्या कॅसेटींत सारखं नाही. जुन्या कॅसेटींत ते जेमतेम दिसतं. पुढे पुढे वाढत जातं. वर्षागणिक. शेवटच्या कॅसेटींत इतकं आहे की दुसऱ्या कुणाला बाईंनी उठवून घरी पाठवलं असतं. पण दादाला नाही. उलट शेवटच्याच टाळ्या सगळ्यात मोठ्या आहेत. जाऊ दे.

तर आता प्रश्न आहे की कुठल्या वर्षीचा दादा घ्यायचा? हे तुम्हीच सांगू शकाल. पेटीवाल्यांनी वापरून बघायला त्यांची जुनी पेटी पाठवली आहे. सोबतच्या कॅसेटवर तीन तुकडे आहेत. एक या पेटीने वाजवलेला, एक दादाचा, आणि एक मी आज सकाळी ड्रमवर बसून वाजवलेला, सरळ, तुलनेसाठी. क्रम सांगत नाही. डोळे मिटून ऐका आणि कुठला कोण ते लिहा. माझा तर तुम्ही लगेच ओळखाल. दादा म्हणायचा, घड्याळ भिंतीवर असावं, ड्रमवर नसावं.

भाऊजी


१९ मार्च

भाऊजी,

ऐकलं. परीक्षेला बसल्यासारखं वाटलं, पण हौसेने बसले.

पहिला तुकडा पेटीचा. ठोका मागे पडतो, पण कशासाठी मागे पडतो ते त्याला माहीत नाही. वाईट नाही. नव्या सुनेसारखं आहे, सगळं सांगितलं तसं करते.

दुसऱ्याला मी थोडी अडले. तो जवळजवळ सरळच आहे, म्हणून आधी तुमचाच म्हणणार होते. पण त्यात एक उडी आहे, ती ह्यांच्या तरुणपणाची. मग तुमचा कुठला? तर तुम्ही मला फसवलंत. तुमचा घातलाच नाहीत. दोन्ही ह्यांचेच घातलेत.

कारण तिसरा हेच आहेत. तिथे शंकेला जागा नाही. वाजवत होते त्या शेवटच्या चार-सहा वर्षांतले. मी भाजी चिरत ऐकत होते, सुरी हातात तशीच राहिली. तिसऱ्या ठोक्याआधी हे मान जराशी डावीकडे कलवायचे. ती मान मला दिसली. कॅसेट संपली तरी मी ओट्यापाशीच उभी होते. मग पुन्हा लावली. भाऊजी, दोन वर्षांत मला असं कुणी भेटलं नव्हतं.

तो तुकडा कुठून काढलात? मी पाठवलेल्या कॅसेटी मला तोंडपाठ आहेत, त्यांत तो नाही. स्टुडिओत एखादी राहून गेली असेल.

हाच घ्या. पेटीत हाच भरा.

वहिनी


२२ एप्रिल

भाऊजी,

महिना उलटला. पत्र नाही, फोन उचलत नाही. माझं उत्तर चुकलं का? चुकलं तर चुकलं म्हणा. मला दहावीतही गणितात असंच वाटलं होतं आणि मी पास झाले होते.

की राग आला? तुम्ही खरंच तुमचा एक तुकडा घातला असेल आणि मी ओळखला नाही, म्हणून? वहिनीला ऐकायला कमी येतं म्हणा आणि सोडून द्या.

तुमचं मागचं पत्र पुन्हा काढून वाचलं. "वर्षागणिक वाढत जातं" हे तुम्ही लिहून वर "जाऊ दे" लिहिलंत. पहिल्यांदा मीही जाऊ दिलं. आता जात नाही. ह्यांच्या आजारात डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, हा कंपवात, हात कापायला लागायच्या कितीतरी आधी शरीरात येऊन बसलेला असतो, आधी नुसता माणूस मंदावतो. मी तेव्हा आजूबाजूचं काहीच ऐकत नव्हते, पण हे वाक्य कुठेतरी राहिलं होतं.

म्हणजे भाऊजी, आपण ज्याला ह्यांची खुबी म्हणत होतो ती खुबी नव्हती. आजार वाजत होता आणि आपण दाद देत होतो. बाई टाळ्या देत होत्या, मी अभिमानाने बघत होते, तुम्ही "मला जन्मात जमणार नाही" म्हणत होतात. कुणालाच कळलं नाही. आणि कळून तरी काय करणार होतो? मी हेही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर कळून फारसा फरक पडला नसता. हे त्यांनी माझ्या समाधानासाठी सांगितलं की खरं म्हणून, ते आजवर ठरवता आलेलं नाही.

तुम्हाला हे पडद्यावर दिसलं असणार. म्हणूनच गप्प आहात ना? मला सांभाळायला गप्प राहू नका. जे व्हायचं ते होऊन गेलं आहे. आता नवीन काय होणार?

पत्र टाका.

वहिनी


३ मे

वहिनी,

तिसरा तुकडा माझा होता.

दुसरा दादाचा, तुम्ही म्हणालात तसा तरुणपणीचा. तिसरा मी. त्या दिवशी सकाळी चहा पिऊन ड्रमवर बसलो आणि वाजवला. सरळ वाजवला. म्हणजे मला सरळच वाटत होता. दादाच्या सगळ्या कॅसेटी मोजल्या, पण स्वतःचा ठेका मोजायचं मनातही आलं नाही. घड्याळ कोण मोजतं?

तुमचं उत्तर आलं तेव्हा आधी हसलो. म्हटलं, वहिनींची पण विकेट गेली. मग सहज म्हणून तो तुकडा पडद्यावर लावला. उंचवटे रेघेच्या मागे होते. तिसरा ठोका सगळ्यात मागे. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसऱ्या यंत्रावर लावला. मग पुन्हा वाजवून बघितला, दात दाबून, अगदी रेघेवर यायचं ठरवून. तरी मागे. आणि वाजवताना वहिनी, शप्पथ, मी वेळेवर आहे असंच वाटतं.

डॉक्टरांकडे गेलो. अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावली. व्हरांड्यात चालवलं. म्हणाले, "डावा हात झुलत नाही तुमचा." मी म्हटलं, त्याला पूर्वीपासून शिस्त आहे. ते हसले नाहीत. मग विचारलं, घरात आणखी कुणाला?

मांजर नाही. तुम्ही ओळखलंच होतं. बोटं कधी कधी आपोआप थरथरतात, टेबलावर हात ठेवला तरी. चहा जास्त होतो, झोप कमी होते, असं मी स्वतःला सांगत होतो. जड बटणं त्यासाठीच हवी होती. तेव्हा मला माहीत होतं का? अर्धं माहीत होतं. तुम्ही पुस्तकाचं म्हणता ना, पुढच्या पानावर मागचं कळतं, तसं झालं.

आणि खरी मजा पुढे आहे. बाई आल्या होत्या. मी त्यांना काहीच बोललो नाही, नुसते तीनही तुकडे ऐकवले. तिसऱ्याला त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "हाच हात. हाच हवा मला." मुलींनी त्यावर नाच बसवायला घेतलाय. फार सुंदर नाचतात. मी कोपऱ्यात बसून बघतो आणि मला ओरडावंसं वाटतं, पण काय ओरडू?

पेटीवाल्यांचं कार्ड आलंय. नंबर लागला. हलकी की जड, महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणतात, ते ठरल्याशिवाय पेटीचं लाकूड कापता येत नाही. आता मला यंत्र दादासाठी नको आहे, माझ्यासाठी हवं आहे. पुढे हात चालेनासा झाला तर बटणांनी तरी काम करता येईल. स्टुडिओ सोडून मला दुसरं काही येत नाही. पण उत्तर लिहायला बसलो की पेन तसंच राहतं. एवढी साधी गोष्ट ठरत नाही. जड म्हणावं तर वाटतं आपण हरलो असं कळवतोय. हलकी म्हणावं तर कुणाला फसवतोय?

तुम्हाला हे सांगायचं नव्हतं. तुम्ही एकदा सगळं निस्तरलं आहे. पण तुम्ही लिहिलंत, आता नवीन काय होणार. मग खोटं लिहिता येईना.

तुमचा


७ मे

भाऊजी,

पत्र काल आलं. काल लिहायला बसले नाही, कारण काल जे लिहिलं असतं ते तुमच्या कामाचं नव्हतं.

धीर कसा देतात ते मला येत नाही. लोकांनी मला दिला तेव्हा मी त्यांना चहा करून देत होते, एवढंच आठवतं. आणि इलाज मला माहीत नाही. मला फक्त पुढे काय कसं होतं ते क्रमाने माहीत आहे. ते कुणाला सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तुम्हाला तर नाहीच.

तुम्ही बटणांचं विचारलंत, त्याचं उत्तर देते. तेवढं मला येतं.

ह्यांना कळलं त्या वर्षी ह्यांनी न्हाणीघरातला नळ बदलून घेतला. प्लंबरला बजावून सांगितलं, जड बसव, हात लागून सुटता कामा नये. तो बसवून गेला आणि हे खूश. थरथरता हात लागला तरी नळ ढिम्म. आलेल्या गेलेल्याला दाखवायचे. वर्ष-दीड वर्ष बरं चाललं. मग तोच नळ ह्यांना फिरेना. मी बाहेर उभी असायची. आत बादली ठेवल्याचा आवाज यायचा आणि पाण्याचा यायचा नाही. हाक मारायचे नाहीत. मीही जायची नाही, कारण गेले की म्हणायचे, "आलोच होतो फिरवत." तसे आम्ही दाराच्या दोन बाजूंना उभे असायचो. शेवटी मीच प्लंबरला बोलावलं, हे झोपले असताना, आणि हलका बसवून घेतला. उठल्यावर ह्यांनी नळ उघडला, पाणी बघितलं आणि बादली भरून घेतली. पुढे तो आपोआप टपकायचा, हात लागून उघडाच राहायचा. मी उठून बंद करायची. पण उघडायचे ते स्वतः.

हाताची थरथर हा आजाराचा पुढचा दरवाजा आहे भाऊजी. जोर मागच्या दाराने जातो आणि त्याचा आवाज होत नाही. जड बटणं आज बरी वाटतील. पण पेटी तुम्हाला आजच्यापुरती नको आहे.

ठेवलेली कॅसेट सोबत पाठवते आहे. तुम्ही आमच्याकडे राहायला आला होतात, कीबोर्ड घेऊन, आणि भाजीची एक पाटी उलटी करून हे तिच्यावर बोटांनी वाजवत होते, तेव्हाची. दोघांचं मिळून आहे. शेवटी भांडण आहे. तुम्ही म्हणता, "दादा, मागे पडतोस!" हे म्हणतात, "मी आहे तिथेच आहे, तूच पुढे पळतोस." मग मी दोघांना जेवायला बोलावते आणि कुणी उठत नाही. ह्यांचा बोलण्याचा आवाज एवढ्या एकाच कॅसेटवर आहे, म्हणून दिली नव्हती. त्यात तुम्ही रेघेवर आहात. मोजून बघा. पेटी आली की आधी तो ठेका भरा, तुमचा. ह्यांचा नंतर बघू. बाईंना जे द्यायचं ते देऊन झालं आहे.

तुम्हाला काय होणार ते मी थांबवू शकत नाही. हे लिहिताना मला खूप वेळ लागला, पण ते तसंच आहे. ओरडावंसं वाटतं म्हणालात. मी आले की ओरडा, शेजारी विचारतील त्यांना मी सांगेन, तालीम चालली आहे.

हो, येते आहे. वाचनालयाचं पुस्तक परत केलं, काकांनी विचारलं, "कळलं का?" मी म्हटलं, अर्धं. घराची किल्ली समोरच्यांकडे देते. मला तुमचं यंत्र चालवता येणार नाही, पण शेजारी बसता येतं. त्याची सवय आहे.

पेटीवाल्यांना लिहा, बटणं हलकी. मांजराला मी हाकलीन.

वहिनी